अब्बांना घेऊन सफारीला

‘सफारी’ कुठल्या भाषेतला शब्द, असे वर्गात विचारले की मुले हमखास ‘इंग्रजी’ म्हणतात. खरे तर आपला अरबी ‘सफर’च स्वाहिली भाषेत गेला आणि ‘सफारी’ झाला. तिथे त्याचा अर्थ साधा प्रवास.

यंदा हा सफर आमच्या श्रीगोंद्याच्या घरात शिरला. लेकीने केनियातल्या मसाई माराचा हट्ट धरला. तिच्याहून जास्त हौस माझ्या सासऱ्यांना, अब्बांना. वय 67.

तारखा ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटलो, हे बरे झाले. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. नसेल तर विलगीकरणात राहावे लागते. लस शासनमान्य केंद्रावरच मिळते, ती प्रवासाआधी किमान 10 दिवस घ्यावी लागते आणि दाखला आयुष्यभर चालतो. पण 60 वर्षांवरील माणसाला ही लस पहिल्यांदा देताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. डॉक्टरांनी अब्बांना नको म्हटले.

“तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो,” अब्बा म्हणाले. त्या रात्री कुणालाच जेवण गेले नाही.

मग नकाशा पुन्हा उघडला. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. जोहान्सबर्गपासून गाडीने अडीच-तीन तासांवर पिलानेसबर्गचे अभयारण्य आहे. तिथे सिंह, हत्ती, गेंडे आहेत आणि मलेरिया नाही. मे-जूनमध्ये तिथे कोरडा हिवाळा असतो, गवत विरळ होते, जनावरे पाणवठ्यावर येतात. आपल्या शाळांची सुट्टीही तेव्हाच. विमान मात्र नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे घेतले नाही. तिथला थांबा 12 तासांहून लांबला तर लसीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आम्ही दुबईमार्गे तिकिटे काढली.

आमच्या वहीतल्या बाकीच्या नोंदी अशा: व्हिसा आधी, पैसे नंतर. मुलांचे जन्मदाखले सोबत. प्रवासाचा विमा, त्यात अब्बांच्या रक्तदाबाचा स्पष्ट उल्लेख. जोहान्सबर्गला दिवसा उतरणारे विमान आणि आधी ठरवलेली गाडी. लहान मूल असेल तर उघड्या गाडीत घेतात का, हे लॉजला विचारणे. हलाल जेवण तिथे मिळते, तरी लेखी कळवणे. गाडी पहाटेच निघते, म्हणून फजर उरकूनच बसायचे. स्वेटर, कानटोपी हवीच. आणि किब्ला इथल्यासारखा पश्चिमेला नाही, जवळजवळ उत्तरेला.

सर्वांत मोठा नियम गाडीतला: उतरायचे नाही, उभे राहायचे नाही, ओरडायचे नाही. तो अंगवळणी पडावा म्हणून गेल्या रविवारी शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला गेलो. 1980 साली काळविटांसाठी राखलेले हे जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचे माळरान. काळवीट दिसताच लेक किंचाळली आणि सारा कळप पसार झाला. अब्बांनी तिला रागावले नाही, नुसते ओठांवर बोट ठेवले. अर्ध्या तासाने कळप परत आला.

घरी येताना अब्बा म्हणाले, “सिंह नाही दिसला तरी चालेल. तुम्ही माझ्यासाठी रस्ता बदललात, माझा सफर तिथेच झाला.”

सिंह दिसावा, एवढी दुआ मात्र आम्ही करतोच आहोत.