लिहिण्याआधी रंगवू द्या

मूल बालवाडीत घातले की पंधरा दिवसांत पालकांचा प्रश्न येतो, "बाई, अजून काहीच कसं लिहीत नाही? नुसती चित्रं रंगवून काय होणार?" आम्ही दोघी वस्तीतल्या समाजमंदिरात बालवाडी चालवतो. हा प्रश्न आम्हाला नवा नाही आणि विचारणाऱ्यांचा रागही येत नाही. ज्या घरात आजीने जन्मभर अंगठाच उठवला, आईची शाळा चौथीत सुटली, त्या घराला पोराच्या हातचे पहिले अक्षर कधी एकदा पाहतो असे होणारच. पण त्या घाईपायी तीन वर्षांच्या लेकराचा हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घेतात. नाही जमला की धपाटा बसतो. मग पाटी दिसली की मूल रडते. शाळेची नावड तिथूनच लागते, आणि ती आपल्या मुलांना परवडणारी नाही.

हात तयार व्हायला वेळ लागतो. मनगटात ८ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी त्यांच्या जागी मऊ कूर्चा असते, कानाच्या कडेसारखी लवचीक. पुढे एकेक हाड टणक होत जाते. शेवटचे तर नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि खांद्यापासून सगळा हात हलवते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची चिमूट बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, फुली चौथ्या वर्षी, चौकोन त्यानंतर. ज्याला फुली काढता येत नाही, त्याच्याकडून 'अ' कसा मागायचा?

रंगवणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे. मेणाचा खडू कागदावर घासतो, दाबावा लागतो, त्याने बोटांत बळ येते. चित्राच्या कडेपाशी हात थांबवावा लागतो. दुसऱ्या हाताने कागद धरावा लागतो. पेरू गोल गोल फिरवत रंगवला की 'ट', 'ठ', 'व' यांची वळणे हातात बसू लागतात. स्केचपेनचा रंग दाब न देताच उतरतो, म्हणून लहानांना आम्ही ते देत नाही, कितीही हट्ट केला तरी.

आणि खडू आम्ही मुद्दाम मोडतो. नवी पेटी आली की पहिले काम तेच. पोरे ओरडतात, "बाई, मोडला!" बोटाच्या एका पेराएवढा तुकडा मुठीत धरला तर कागदाला टेकतच नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. शिवाय एका पेटीत दोन मुले भागतात. कागद भिंतीला चिकटवून रंगवायला दिला तर मनगट पेन्सिल धरताना वळते तसे आपोआप वळते. कागदाला पैसे नकोत. जुन्या कॅलेंडरची पाठ, लग्नपत्रिकेची कोरी बाजू चालते. अंगणात विटेचा तुकडाही रंगाचे काम करतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांची बालवाडी सुरू केली, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने हेच त्यांचे सामान होते. चित्र मात्र मोठे असू द्या. बारीक नक्षीची पुस्तके मोठ्यांना आवडतात, मुलांचा त्यात हात अवघडतो. दहा मिनिटांत मूल उठले तर उठू द्या.

आमच्याकडे एका मुलीची आई गजरे ओवते. पोरगी साडेतीन वर्षांची, आणि पावसाळ्याआधी तिला नाव लिहिता यावे असा आईचा धोशा. आम्ही विचारले, "ताई, तुम्ही सुईत दोरा ओवायला कितव्या वर्षी शिकलात?" म्हणाली, "आठ-नऊ वर्षांची असेन." मग स्वतःच हसली. आता घरी ती पोरीला कणकेचे गोळे करायला देते, मटार सोलायला बसवते. नाव अजून आलेले नाही, पण पोरगी गोल काढते आणि त्याला डोळे लावते.

डावखुऱ्या मुलाचा खडू उजव्या हातात कोंबू नका. "लोक काय म्हणतील" हे कारण पुरेसे नाही. मात्र पाच वर्षे पुरी होऊनही मूल मुठीनेच खडू धरत असेल, बटण लावता येत नसेल, एक हात सतत मागे ठेवत असेल, तर लपवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी डॉक्टरांना मुलाचे हात आवर्जून दाखवा.