कुणी हात न लावलेली फ्रेम

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये पहिली हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीची फेरबांधणी करून केलेली वेगवान गाडी, बांधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा बॉडीच्या प्रेमात पडलेला असतो. उघड्या टपाची रोडस्टर किंवा दोन दारांची कूप त्याच्या डोळ्यांसमोर रंगासकट उभी असते. जाणता कारागीर मात्र त्याला आधी फ्रेम बघायला पाठवतो. स्टिअरिंग, स्प्रिंगा, इंजिन, ब्रेक, बॉडी या सगळ्यांची जागा फ्रेम ठरवते. बॉडीचा पोचा ठोकून काढता येतो, इंजिन बदलता येतं. वाकड्या फ्रेमवर गाडी बांधली, तर पुढचं प्रत्येक काम त्या वाकडेपणाशी जुळवून घेत करावं लागतं, आणि रस्त्यावर उतरल्यावर ती गाडी एका बाजूला ओढत राहते.

हा छंद वाढला तो दक्षिण कॅलिफोर्नियात. 1930च्या दशकात तिथली तरुण मंडळी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळांवर वेग आजमावायची. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी 1937 साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांपैकी कितीतरी जणांना वेल्डिंग आणि यंत्रकाम येत होतं, त्यामुळे हे वेड झपाट्यानं पसरलं. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. सगळ्यांना परवडणारा कच्चा माल एकच होता: कुणीतरी टाकून दिलेली फोर्ड.

आजही पहिल्यांदा बांधणाऱ्यासमोर दोन फ्रेम येतात. एक फोर्डच्या मॉडेल एची, 1928 ते 1931 या वर्षांतली. या गाड्या 48 लाखांहून अधिक निघाल्या, म्हणून तिची फ्रेम अजून सापडते. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर एकशे साडेतीन इंच. बाजूला दोन बऱ्यापैकी सरळ रेल, त्यांना जोडणारे तीन आडवे क्रॉसमेंबर, सगळं रिव्हेटनी बांधलेलं. दुसरी फ्रेम 1932च्या फोर्डची, जिला तिथले लोक लाडानं ‘ड्यूस’ म्हणतात. हिचं अंतर 106 इंच, रेल मधोमध जास्त खोल, आणि बाहेरच्या अंगावर प्रेसमध्ये उठवलेली एक लांब, वळणदार रेघ. मडगार्ड काढले की ही रेल पूर्ण उघडी दिसते. म्हणूनच मॉडेल एची बॉडी 1932च्या फ्रेमवर बसवण्याची पद्धत इतकी लोकप्रिय झाली. पण त्या रेघेवर कुणी ठिगळ लावलं असेल, तर ते लपवायला जागा उरत नाही. शिवाय अस्सल ड्यूस फ्रेमची किंमत मॉडेल एच्या कैकपट असते.

फ्रेम फोर्डचीच हवी असा मात्र दंडक नाही. ओकलंडच्या प्रदर्शनात 1950 साली ‘अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर’ हा किताब पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा तो मिळवला बिल नीकॅम्पच्या गाडीनं. तिची बॉडी 1929च्या फोर्डची होती आणि खालची फ्रेम 1927च्या एसेक्सची. एसेक्स ही हडसन कंपनीची स्वस्तातली गाडी. फ्रेमवरचं नाव कोणतंही असो, ती सरळ आणि धड आहे का हे बघून गाडी बांधण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फिरताना, मग तो पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा ऑक्टोबरमधला प्रचंड बाजार असो की एखाद्या शेतावरचा लिलाव, नवख्याला सगळ्यात जास्त मोह पडतो तो अर्धवट तयार झालेल्या फ्रेमचा. काळा रंग चकचकतोय, रेलच्या उघड्या बाजूला पट्ट्या वेल्ड केलेल्या आहेत, मागचा भाग कापून उंच केलाय, इंजिनाचे माउंटही बसवलेत. कुणीतरी महिनोन्‌महिने खपलेला दिसतो आणि ते श्रम आयते मिळाल्यासारखे वाटतात. शेजारी गंजलेली, चिखलानं माखलेली, जुन्या रिव्हेटनिशी जशीच्या तशी पडलेली फ्रेम असते. तिच्याकडे वळूनही बघावंसं वाटत नाही. पहिल्या गाडीसाठी घ्यावी ती हीच दुसरी.

याचं कारण फ्रेमच्या घडणीत आहे. फोर्डची जुनी रेल म्हणजे एका बाजूनं उघडी असलेली पत्र्याची नाळ. उघडा छेद पिळायला सोपा असतो. खेड्यापाड्यांतल्या खाचखळग्यांच्या रस्त्यांवर फ्रेमनं थोडं लवावं आणि चाकं जमिनीला धरून राहावीत, असाच तेव्हाचा हिशेब होता. मॉडेल एचं इंजिन जेमतेम 40 अश्वशक्तीचं. 1955 साली आलेलं शेवरलेचं छोटं व्ही-8 साध्या रूपातही 162 अश्वशक्ती देत होतं. चौपट ताकद उघड्या रेलमध्ये बसवली, तर जोर दिल्याबरोबर फ्रेम पिळते, दारं आवळतात, बॉडीला तडे जातात. त्यावरचा उपाय म्हणजे रेलची उघडी बाजू पट्टीनं बंद करून तिची पेटी करणं, ज्याला ‘बॉक्सिंग’ म्हणतात. छेद बंद झाला की पीळ सोसण्याची त्याची ताकद अनेक पटींनी वाढते.

पण हेच काम घाईनं केलं तर फ्रेमचा घात होतो. वेल्डिंगची धातूची रेघ थंड होताना आकसते आणि रेलला आपल्याकडे खेचते. म्हणून फ्रेम भक्कम जिगवर, म्हणजे पकडून धरणाऱ्या चौकटीवर, जखडून, आधी टाके मारून, मग थोडं इथे थोडं तिथे असं वेल्ड करत जावं लागतं. नुसत्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली, की रेलला बाक आलाच म्हणायचा. वर वेल्डचा उंचवटा ग्राइंडरनं घासून सपाट केला असेल, तर धातू आतपर्यंत मुरलाय की वरवर चिकटलाय, हे डोळ्यांना कळत नाही. आणि पट्टीमागचा गंज तर कायमचा झाकला जातो. दुसऱ्यानं केलेलं काम तपासायचं म्हणजे ते उकलायचं. पट्ट्या कापून काढा, वेल्ड घासा, वाकलेली रेल पुन्हा सरळ करा. हात न लावलेल्या फ्रेममध्ये निदान जे आहे ते समोर असतं.

समोर असलेलं वाचायला यावं लागतं. त्यासाठी तार-ब्रश, छोटा हातोडा, टॉर्च आणि रॉकेलचा बोळा सोबत हवा. वरवरच्या तांबूस गंजाची भीती नको, तो वाळूच्या फवाऱ्यानं निघून जातो. भीती असते ती दोन पत्रे एकमेकांवर बसलेत तिथल्या गंजाची. रेल आणि क्रॉसमेंबरच्या सांध्यात गंज साचला की तो फुगतो, दोन पत्रे फाकवतो आणि रिव्हेट ताणले जातात. हातोडीनं हलकेच ठोकत गेलं की घट्ट रिव्हेट आणि जाड लोखंड खणखणतं, सडलेली जागा बद्द वाजते. स्टिअरिंग बॉक्सच्या भोकांभोवती आणि इंजिन माउंटच्या जागी चिखल-ग्रीसचा थर खरवडून बघावा, कारण भेगा तिथूनच निघतात. शंका आली तर भेगा दाखवणारा लाल रंग फवारायचा, पुसायचा आणि वर पांढरी पूड मारायची. केसाएवढी भेगही लाल रेघ होऊन उमटते. भेग म्हणजे फ्रेम बाद, असं नाही. तिच्या टोकाला भोक पाडून ती थांबवता येते, मग खाच करून वेल्डनं भरता येते. पण असं प्रत्येक काम किमतीतून वजा व्हायला हवं.

यानंतर मोजमाप, आणि इथे गवंड्याची नि सुताराची हत्यारं पुरतात. सपाट फरशीवर चार स्टँडवर फ्रेम ठेवायची. दोन्ही रेलवरच्या जोडीच्या भोकांतून ओळंबा सोडायचा आणि खाली खडूनं फुली मारायची. पुढे दोन, मधे दोन, मागे दोन. फ्रेम बाजूला सरकवली की फरशीवर तिचा नकाशा उरतो. आता कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर फ्रेम गुण्यात आहे. एका सुतापर्यंतचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढा फरक चालवून घेतात. त्याहून जास्त असेल तर समजावं की पूर्वी कुठेतरी धडक बसून एक रेल मागे सरकली आहे आणि चौकट शंकरपाळ्यासारखी तिरकी झाली आहे. जोडीच्या फुल्यांचे मध्यबिंदू एका दोरीत येतात का, हेही त्याच फरशीवर कळतं.

पीळ बघायला पुढे आणि मागे रेलवर आडव्या दोन सरळ पट्ट्या ठेवायच्या आणि लांबून एक डोळा मिटून बघायचं. एकीची कड दुसरीला समांतर दिसली पाहिजे. रेलच्या कडेनं दोरी ताणली की मधला बाक उघडा पडतो. मॉडेल एमध्ये तो इंजिनाच्या मागच्या आधारापाशी हमखास शोधावा. चाकांमधलं मूळ अंतर तर मोजायलाच हवं. शेतकऱ्यांनी कितीतरी मॉडेल ए कापून आखूड केल्या आणि त्यांचे घरगुती ट्रॅक्टर बनवले. त्यांना ‘डूडलबग’ म्हणत. त्यांच्या फ्रेम आजही विक्रीला येतात.

लोखंडाइतकंच महत्त्व कागदांना आहे. त्या काळच्या फोर्डची नोंदणी इंजिनाच्या नंबरावर होत असे आणि तोच नंबर फ्रेमच्या डाव्या रेलवर ठोकलेला असे. 1932च्या फ्रेमवर तो तीन जागी असतो आणि व्ही-8 गाडीचा नंबर 18 या आकड्यानं सुरू होतो. बॉडी चढवली की यातल्या काही जागा झाकल्या जातात, तेव्हा नुसती फ्रेम विकत घेताना त्या नीट पाहण्याची ही उत्तम संधी. नंबर घासलेला दिसला, किंवा विक्रेत्याच्या कागदावरच्या नंबराशी जुळला नाही, तर फ्रेम कितीही सरळ असो, सोडून द्यावी. नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर पूर्ण झालेली गाडी हातची जाऊ शकते. घरी बांधलेल्या गाडीच्या नोंदणीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात धुराच्या चाचणीत सवलत देणारी खास योजना आहे, पण ती दर वर्षी 500 गाड्यांपुरतीच. आपल्या राज्याच्या वाहन खात्याला कोणता कागद चालतो, हे पैसे मोजण्याआधी विचारलेलं बरं.

हिशेब मांडताना नवीन रेलचा भाव शेजारी लिहावा. 1932च्या नमुन्यावर प्रेस केलेल्या कोऱ्या रेल आज मिळतात, मॉडेल ए आणि ड्यूसच्या पोलादी बॉड्याही नव्यानं बनतात. जुन्या फ्रेमची किंमत, वाळूच्या फवाऱ्याची मजुरी, सरळ करण्याचा आणि भेगा भरण्याचा खर्च यांची बेरीज नव्या रेलच्या पुढे गेली, तर जुनीचा हट्ट धरण्यात अर्थ उरत नाही. बेरीज कमी असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर जुनी फ्रेम पहिल्या गाडीसाठी फार चांगली गुरू ठरते. कुठली भोकं कशासाठी होती, स्प्रिंगचा भार कुठल्या क्रॉसमेंबरवर यायचा, मूळ कारागिरांनी कुठे जाड पत्रा घातला, हे सगळं तिच्यात शाबूत असतं.

फ्रेम घरी आली की लगेच कटर हातात घ्यायचा नाही. आधी सगळी मापं वहीत उतरवायची, मग दोन्ही रेलना जोडणारे तात्पुरते आडवे-तिरके अँगल वेल्ड करायचे, म्हणजे एखादा क्रॉसमेंबर काढला तरी रेल जागच्या हलणार नाहीत. रिकामा इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्सचं कवच, आस आणि चाकं नुसती ठेवून बघायची, बॉडी वर टेकवायची, ड्रायव्हरच्या पायांना जागा पुरते का ते पाहायचं. स्टिअरिंगचा दांडा इंजिनाला अडत नाही आणि पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळतात, अशी खात्री झाली की रेलवर खडूनं कापायची पहिली खूण करायची.