काळी होण्याआधीची नक्षी

भालकी,
रविवार

चि. मंजिरी,


तू कन्नड शाळेत शिकलीस, मराठी जरा सावकाश वाचतेस. हे पत्र सावकाशच वाच.

परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, आता चित्रं काढावीशीच वाटत नाहीत." रात्रभर डोळा लागला नाही. हफ्त गुंबदच्या घुमटांवरची पावसाळी ओल तू जलरंगात उतरवली होतीस, ते पान सारखं आठवत होतं. त्याचं रील फारसं कुणी पाहिलं नाही आणि तू ठरवून टाकलंस की चित्रच फसलं. मग जे 'चालतं' तेच काढायला लागलीस, बँकेतून दमून आल्यावरही रोज एक. आता तर वहीच बंद.

यात माझाही दोष आहे. तुझा फोन आला की मी आधी विचारायचे, "किती लाईक आले गं?" कशाचं चित्र, कुठला रंग बिघडला, काढताना मन रमलं का, हे कधी विचारलंच नाही. चुकलं माझं.

मागच्या आठवड्यात बीदरला गेले तेव्हा एका बिदरी कारागिराकडे तासभर बसले. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली सुरई होती. तिच्यावर मोरचूद चोळून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे कोरलेली रेघ नीट दिसते. खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. नंतर सगळं घासून काढतात आणि तो काळेपणा निघून जातो. तेव्हा मी सुरई हातात घेतली, तर नक्षी दिसेचना! जस्त पांढरं, चांदीही पांढरी. एवढे दिवस खपून डोळ्यांना काहीच नाही. किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागर घालून पाण्यात उकळतात, त्यात भांडं बुडवलं की जस्त काळंभोर होतं आणि चांदी उठून दिसते. तू मात्र पहिला हात ओला असतानाच फोन उभा करतेस.

त्या माणसाचं पोट त्या कामावर आहे. गिऱ्हाईक, ऑर्डर, प्रदर्शन, व्हिडिओ सगळं त्याला बघावंच लागतं. तुझा पगार बँक देते. मग दुकानाची काळजी तू का डोक्यावर घेतलीस, बाळा?

इन्स्टाग्रामवर २०२१ पासून लाईकचे आकडे लपवता येतात, तेवढं कर. पण आकडा झाकला तरी 'आज टाकायचंय' हे डोक्यात राहतंच, म्हणून काही महिने टाकूच नकोस. दाखवावंसं वाटणं वाईट नव्हे. लहानपणी ओला कागद घेऊन तू स्वयंपाकघरात पळत यायचीस. बघणारं एकच माणूस असायचं, पण हातातलं लाटणं ठेवून ते चित्र बघायचं.

हुरड्याला ये. तुरीच्या शेंगाही भरल्या असतील. बिघडलेली पानं फाडू नकोस, फोटोही पाठवू नकोस. आलीस की वही माझ्या हातात दे.

तुझी,
मावशी