मायनस साडेपाच

चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया हा एक चमत्कारिक प्रकार आहे. अपेंडिक्स असलं तर ते दुखून दुखून स्वतःच निकाल लावतं. मोतीबिंदू पिकला की फार चर्चा होत नाही. ‘डॉक्टर म्हणाले’ एवढं घरात सांगायला पुरतं आणि चारचौघांतही पुरतं. इथे मात्र दुखत काही नाही, बिघडलेलं काही नाही, आणि डॉक्टरही काही म्हणत नाहीत. ‘करता येईल’ इतकंच सांगतात. करायचं की नाही, आणि मुख्य म्हणजे कशासाठी, ते आपलं आपण ठरवायचं. ज्या घरात पडद्याच्या कापडाचा रंगसुद्धा चौघांच्या मतानं ठरतो, त्या घरातल्या बाईला ही मोकळीक जडच जाते. मी ती कितीतरी वर्षं पुढे ढकलत आले.

मला चष्मा लागला तिसरीत. तोवर कमी दिसतं हे कुणाला कळलं नव्हतं, मलाही नाही. जेवढं दिसतं तेवढंच असतं, असं मी धरून चालले होते. आमचं आजोळ नागपूरला, महाल भागात. सुट्टी संपवून रायपूरला परत येताना गोंदियाच्या पुढे जंगल लागायचं, आणि डोंगरगड जवळ आलं की अर्धा डबा खिडक्यांशी लोटायचा. ‘बम्लेश्वरी आली, हात जोड,’ आई म्हणायची. मी जोडायचे. समोर काळसर हिरवा डोंगर असायचा आणि वर आभाळ. देवी डोंगरावर आहे म्हणतात, म्हणजे डोंगर हीच देवी असणार, असा मी हिशेब लावून टाकला होता. चष्मा लागल्यानंतरच्या पहिल्याच प्रवासात त्या डोंगराच्या माथ्यावर देऊळ दिसलं, एवढंसं, कळसासकट. मी आईला विचारलं, ‘हे कधी बांधलं?’

त्यानंतर दर वर्षी जूनमध्ये वह्या-पुस्तकांबरोबर चष्म्याची नवी काच येऊ लागली. आईनं गाजरं खाऊ घातली, बाबांनी सगळा दोष टीव्हीवर टाकला. डोळा हा सुमारे 24 मिलिमीटर लांबीचा गोळा. तो मिलिमीटरभर जास्त लांबला की नंबर अडीच-तीननं वाढतो. बारावीपर्यंत माझ्या डोळ्यांनी असे दोनेक मिलिमीटर जादा कमावले आणि नंबर मायनस साडेपाचला येऊन थांबला. जी मुलं दिवसाचा बराच वेळ बाहेरच्या उजेडात खेळतात त्यांना हा नंबर कमी लागतो, असं संशोधकांनी पुढे दाखवून दिलं. पण आमच्याकडे उन्हाळी सुट्टी म्हणजे नवतपा, सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. त्या उन्हात पोरीला बाहेर कोण सोडणार? मी कूलरसमोर पालथी पडून पुस्तकं वाचत असे.

रायपूरला मराठी माणसं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची. तात्यापारा हे मोहल्ल्याचं नावच आमची ओळख सांगतं. बाहेर हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि घरात मराठी अशा तीन भाषांत आम्ही वाढलो, आणि तिन्ही भाषांत मी ‘चश्मिश’च होते. अपवाद गणेशोत्सवातल्या नाटकाचा. रंगमंचावर चष्मा चालायचा नाही, कारण मी बहुतेक वेळा राजकन्या किंवा सासुरवाशीण असायचे. तालमीत पावलं मोजून ठेवायची: विंगेपासून सोफा सहा पावलं, सोफ्यापासून खिडकी चार. समोरचा प्रेक्षक म्हणजे नुसतं धुकं. बाकीच्या मुली घाबरून पाणी पाणी मागत, मला कसली भीती म्हणून नव्हती. कॉलेजात असताना पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घालून उभी राहिले, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले एक काका भर करुण प्रसंगात जांभई देताना स्वच्छ दिसले. नंबरानं आपल्यावर काय उपकार करून ठेवले होते, ते तेव्हा थोडं कळलं.

लेझरनं नंबर घालवण्याची गोष्ट घरात पहिल्यांदा निघाली ती माझ्या लग्नाच्या वेळी. ‘मुलगी चष्म्याची आहे का?’ असं एका स्थळाकडून विचारणं आलं. आत्यानं लगेच सुचवलं, हैदराबादला नाहीतर नागपूरला नेऊन हिचे डोळे करून आणा, हल्ली दहा मिनिटांत होतं म्हणतात. बाबा शांतपणे म्हणाले, ‘मुलाला चष्मा आहे का, ते आधी विचारून घे.’ होता. विषय मिटला, स्थळही मिटलं. पुढे ज्याच्याशी लग्न झालं त्याला माझ्या चष्म्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते सासूबाईंना. त्यांच्या मते सणावाराला नथ आणि चष्मा एकमेकांना मारून नेतात. म्हणजे जे कारण पुढे येई ते दुसऱ्याचंच. दुसऱ्याच्या कारणासाठी माझा डोळा पुढे करायला माझं मन होईना.

मग 2011 साल आलं. बालोदच्या सरकारी शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक म्हाताऱ्या, गरीब माणसांची दृष्टी जंतुसंसर्गानं गेली. इथल्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘आंखफोड़वा कांड’ म्हटलं, आणि ते नाव छत्तीसगढच्या तोंडी बसलं ते बसलंच. 2024च्या ऑक्टोबरात दंतेवाड्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर पुन्हा संसर्ग झाला आणि रुग्णांना रायपूरला हलवावं लागलं, तेव्हाही लोकांना आधी बालोदच आठवलं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला समजत होतं. मोतीबिंदूत डोळ्याच्या आत शिरावं लागतं. लेझर डोळ्याच्या दर्शनी काचेवर, कॉर्नियावर चालतो. तिथे संसर्गाचा धोका कमी असतो, अगदी शून्य मात्र नसतो. पण बालोदची बातमी वाचताना मला धोक्यापेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. त्या माणसांना निवड नव्हती. दिसत नव्हतं म्हणून ती शिबिरात गेली होती. मला चष्मा नाकावर चढवला की सगळं दिसतं, आणि तरी मी करू की नको करत बसले होते. गरजेची शस्त्रक्रिया आणि हौसेची शस्त्रक्रिया एकाच तराजूत तोलता येत नाहीत. हौसेला कारण जास्त भक्कम लागतं.

चाळिशी दिसू लागल्यावर मला माझं स्वतःचं कारण सापडलं. तसं लहानसंच. सकाळी डोळे उघडल्यावर घड्याळ दिसावं. पोहायला शिकायचं राहून गेलं होतं, ते शिकावं. पावसात स्कूटर चालवताना काचेवरच्या थेंबांतून रस्ता शोधावा लागू नये. लेन्स रायपूरला फार मानवत नाहीत. उरला-सिलतराच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी पूड गच्चीवर पायाला लागते, ती डोळ्यांत शिरल्यावाचून कशी राहील? तर मी तपासणीला जायचं ठरवलं.

त्याआधी पंधरा दिवस लेन्स बंद करायला सांगितलं होतं, कारण लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. त्या पंधरवड्यात मी या लेझरविषयी मिळेल ते वाचून काढलं. 1981च्या नोव्हेंबरात अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन घरच्या जेवणातली उरलेली टर्की घेऊन आले. मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ. 193 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील लेझरनं त्यांनी त्या पक्ष्याच्या कूर्चेवर रेघ कोरली. रेघ स्वच्छ उमटली, आजूबाजूचं काही जळलं नाही, करपलं नाही. हा प्रकाश वरच्या वर शोषला जातो. तो पेशींना भाजत नाही, त्यांचे बंध तोडून सूक्ष्म थर उडवून लावतो, एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन. जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे जोडीदार. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हा लेझर कॉर्नियाकडे वळवला. आधी पृष्ठभागावरच कोरण्याची रीत आली, तिला पीआरके म्हणतात. नंतर 1990च्या सुमाराला क्रीट बेटावरच्या योआनिस पॅलिकारिस यांनी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलून खाली लेझर चालवला आणि पापुद्रा परत बसवला. तीच लॅसिक. ना टाके, ना फारसं दुखणं.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोरच्या वर्तुळांकडे पापणी न लववता बघायचं. पडद्यावर माझ्या कॉर्नियाचा नकाशा उमटला, हिरवा, पिवळा, कडेनं निळा. कुठे फुगवटा आहे का, कुठे भिंत पातळ आहे का, हे त्यावरून पाहतात. कॉर्निया मुळात कमजोर असेल तर लेझरनंतर तो पुढे झुकत जातो आणि नजर जास्तच बिघडते. म्हणून नकाशा बघून काही जणांना परत पाठवावं लागतं. मला पाठवायचं कारण नव्हतं. जाडी 528 मायक्रॉन. पापुद्र्याचे 110, नंबर कोरायला 70च्या आसपास. खाली साडेतीनशेच्या जवळ उरणार, आणि उरायला हवेत किमान तीनशे. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. पहिले काही महिने डोळे कोरडे पडतील, कारण कॉर्नियातल्या नसा कापल्या जातात. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतील. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहणार, म्हणून रेटिना दर वर्षी तपासून घ्यावा लागेल. पुढे मोतीबिंदू झाला तर या शस्त्रक्रियेची कागदपत्रं दाखवावी लागतील, नाहीतर आत बसवायच्या लेन्सचा हिशेब चुकतो. मग फाईल मिटून म्हणाले, ‘हो जाएगा। करवाना है कि नहीं, वो आप बताइए।’

आणि जाता जाता एक प्रश्न त्यांनी टाकला, अगदी सहज: ‘बारीक अक्षर पढ़ते समय चश्मा उतारती हैं?’

उतरवते. साडेपाच मायनसच्या डोळ्याला चष्म्याशिवाय 18 सेंटिमीटरवरचं सर्वात स्पष्ट दिसतं, डोळ्याला काडीचेही श्रम न पडता. या वितीभर अंतरात माझ्याइतकं बारीक आमच्या घरात कुणालाच दिसत नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची पुसट तारीख, सुईचं नेढं, पोराच्या तळपायात मोडलेला बाभळीचा काटा, सासूबाईंच्या मंगळसूत्राची उघडलेली कडी, ही सगळी कामं माझ्याकडे येतात. मी चष्मा डोक्यावर सरकवते, वस्तू नाकाजवळ धरते आणि काम होतं. माझ्या वयाचे, बिनचष्म्याचे लोक आता मेन्यूकार्ड हात लांब करून वाचायला लागलेत. ही चाळिशी मलाही येणारच, लेझर तिला थांबवत नाही. लांबचं स्वच्छ करून घेतलं की जवळच्या नजरेचं माझं वतन खालसा होणार आणि वाचायला वेगळा चष्मा येणार. एक डोळा थोडा मायनसवर ठेवून मधला मार्ग काढता येतो, तोही डॉक्टरांनी सांगितला. म्हणजे धड लांबचं नाही, धड जवळचं नाही.

मी हिशेब मांडला. पंचविशीत केलं असतं तर लांबचं स्वच्छ दिसण्याची पंधरा वर्षं पदरात पडली असती. तेव्हा माझ्याकडे कारण नव्हतं. आता कारण आहे, पण त्याची किंमत माझ्या 18 सेंटिमीटरांत चुकवावी लागेल. घड्याळ उशाशी आणता येतं. पोहण्याच्या चष्म्यालाही नंबर बसवून मिळतो. पावसाचं काय, रायपूरला तो तीन-चार महिने. नको, असं मी डॉक्टरांना कळवलं. ‘अच्छा सोचा’ असंही ते म्हणाले नाहीत आणि ‘सोच लीजिए’ असंही नाही.

माझी भाची राजनांदगावची. ते गाव हॉकीची नर्सरी म्हणून ओळखलं जातं आणि ही पोरगी गोलकीपर. हेल्मेटच्या आत चष्मा घामानं वाफाळतो, लेन्स मैदानाच्या धुळीनं रुततात. नंबर पावणेचार, दोन वर्षं हललेला नाही, वय बावीस. ‘आत्या, तू नको म्हणालीस म्हणून बाबा मलाही नको म्हणतायत,’ ती फोनवर म्हणाली. मी भावाला सांगितलं, माझं ‘नको’ माझ्या डोळ्यांपुरतं आहे, तिच्या अंगावर घालू नकोस. तिला जवळचं बिनचष्म्यानं पाहायला अजून अठरा-वीस वर्षं मिळणार आहेत, आणि चेंडू येतो तो लांबून. तपासणीत तिला लॅसिकऐवजी जुनी पीआरके सुचवली. चेंडू किंवा कोपर डोळ्यावर बसलं तर लॅसिकचा पापुद्रा सरकू शकतो, पीआरकेत पापुद्राच नसतो. बदल्यात तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात आणि नजर स्थिर व्हायला आठवडे लागतात. तिनं ते पत्करलं.

त्या दिवसांत ती माझ्याकडेच होती, काळा गॉगल लावून, अंधाऱ्या खोलीत रेडिओ ऐकत. औषधाचे थेंब घालायचं काम अर्थातच माझं. बाटली उघडल्याची तारीख मी लेबलवर बारीक अक्षरात लिहून ठेवायचे, चष्मा काढून वाचायचे आणि वाकून थेंब सोडायचे. आता ती मैदानावर आहे आणि मी माझ्या नव्या चष्म्यात. इथल्या मराठी मंडळात अजून कुणीतरी विचारतंच, भाचीचं करवून आणलंस, मग तुझं का नाही केलंस? मी सांगते, घरात बाटलीवरची तारीख वाचणारं कुणीतरी हवं ना. सगळे हसतात, मी थट्टा करतेय असं समजून.