पहाडातला रस्ता कोणासाठी?

रस्ता म्हणजे गिट्टी आणि डांबर, असे पुष्कळांना वाटते. आपल्या समाजाला मात्र रस्त्याची ओळख वेगळ्या तऱ्हेने झाली. कोणत्या वाटेने चालायचे आणि कोणत्या वाटेला फिरकायचे नाही, हे आपल्या आजा-पणजाला गाव ठरवून देत असे. म्हणूनच घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, घाट यांच्या बरोबरीने रस्त्यांचाही उल्लेख आला. सरकारी पैशाने राखलेल्या रस्त्यावर जातीच्या कारणाने कोणाला अडवता येणार नाही, असे बाबासाहेबांच्या घटनेने सांगितले. हक्क मिळाला. पण ज्या वस्तीपर्यंत रस्ताच पोहोचत नाही, तिने हा हक्क कोठे वापरायचा? मेळघाटात गेलो की हा प्रश्न आम्हाला दर वेळी पडतो.

आम्ही पेशाने कारकून. सुटीच्या दिवशी चार कार्यकर्ते मिळून पहाडात जातो. शिष्यवृत्तीचे, रेशनचे, जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून देतो. अमरावतीहून परतवाडा, पुढे सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी, असा सुमारे दीडशे किलोमीटरचा हा प्रवास. आकडे लिहिण्यात आमची उमर गेली. त्यामुळे एक गोष्ट आमच्या चटकन ध्यानात येते. कागदावर किती किलोमीटर रस्ता झाला याची नोंद असते. त्या रस्त्यावरून किती माणसे वेळेवर दवाखान्यात पोहोचली, याचा रकाना नसतो.

या पहाडातल्या वाटांचा इतिहास पाहा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला. त्या वेळी त्यांच्या फौजेने जड तोफा नेण्यासाठी डोंगरातून रस्ता काढला आणि तोफा हाताने ओढून वर नेल्या. पुढे पायथ्याशी मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी रेल्वे आली, जिला आपण सारे शकुंतला म्हणतो. ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी होती. जंगलातल्या वाटा रुंद झाल्या त्या सागवान वाहून नेण्यासाठी. तोफेसाठी वाट झाली, कापसासाठी झाली, लाकडासाठी झाली. कोरकू बाई बाळंतपणाला अडली म्हणून मात्र रस्ता झाला नाही.

आता पाहुण्यांची पाळी आहे. चिखलदरा वाढत आहे. त्याच्या विकासाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे दिले गेले. दोन कड्यांना जोडणारा ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक हाती घेतला गेला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग लागते. आमचा पर्यटनाला विरोध नाही. आपलीही लेकरे तेथे सहलीला जातात आणि पाहुण्यांमुळे तेथल्या गोरगरिबांना दोन पैसे मिळतात. पण कोलंबिया देशातल्या मेडेलिन शहराचे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे डोंगरउतारावर गरिबांच्या वस्त्या आहेत. २००४ मध्ये त्या शहराने तेथे तारेवर चालणारे पाळणे सुरू करून ते मेट्रोला जोडले. ते मजुरांना कामावर नेण्यासाठी होते, देखावा पाहण्यासाठी नव्हते. डोंगर तोच, तारही तीच. फरक आहे तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवले याचा.

एका वस्तीत नवा डांबरी रस्ता झाला होता. आम्ही आनंदाने म्हणालो, "आजी, आता बरे झाले." म्हातारी हसली आणि म्हणाली, "बाबू, सडक तो आ गई, गाडी किधर है?" एवढ्या एका वाक्यात तिने साऱ्या नियोजनाची परीक्षा घेतली. रस्ता हे अर्धे काम. वाहन हे उरलेले अर्धे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. सवलत चांगलीच आहे. पण जेथे गाडीच येत नाही तेथे शून्याचे अर्धे शून्यच राहते. मग काळीपिवळीत कोंबून जायचे, नाही तर पायी निघायचे. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. तरीही अवघड बाळंतपणाला धारणीहून अमरावतीला पाठवले की दीडशे किलोमीटरचा घाट मधे येतोच.

अकोल्याच्या वाचकांना खांडव्याची मीटरगेज गाडी आठवत असेल. धूळघाटाजवळ तिचे रूळ गोल फिरून स्वतःच्याच रुळांवरून पार होत. जंगलकाठच्या माणसांना बाजारहाटाला तीच एक स्वस्त सोबत होती. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये धावली. अकोटच्या पुढचा मार्ग मात्र वाघांच्या जंगलातून न्यायचा की बाहेरून, या वादात अडकला. २०२१ मध्ये राज्य सरकारने तो जंगलाबाहेरून न्यावा असे केंद्राला कळवले. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, तेव्हा जंगल राखले पाहिजे यात दुमत नाही. पण गाडी वळसा घेऊन जाणार असेल, तर जुन्या स्टेशनांवरच्या माणसांसाठी बस कोणती, हेही त्याच कागदावर लिहायला हवे होते.

वाघ की माणूस, असे भांडण लावून देणे सोपे असते. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात जनावरांना रस्त्याखालून जायला मोकळी वाट ठेवली आहे. म्हणजे इच्छा असली की उपाय निघतो. पहाडात सगळीकडे रुंद सडक नकोच. २०२४ च्या सप्टेंबरात सेमाडोहजवळ खासगी बस पुलाखाली कोसळली आणि माणसे गेली. तेथे वेगापेक्षा मजबूत कठडे, पावसाळ्यात न बुडणारे रपटे आणि वळणावरचे फलक अधिक गरजेचे आहेत.

कायदा काय म्हणतो, तेही आपण जाणून घ्यावे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर ५०० लोकसंख्येची, तर आदिवासी भागात २५० लोकसंख्येची वस्ती धरली जाते. त्याहून लहान वस्ती सुटते. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये एक वाट आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे पहिला कागद मंत्रालयात नव्हे, तर गावच्या ग्रामसभेत तयार होतो.

आपली मुले-मुली मेळघाटात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, एसटीत वाहक आहेत. रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांतही आपले हात आहेत. त्यांना आमची विनंती आहे. ज्या गावात नोकरी करता, तेथल्या ग्रामसभेचा ठराव लिहून द्यायला मदत करा. ठरावात नुसता रस्ता मागू नका. सकाळी दवाखान्याच्या वेळेला कोणती गाडी, बाजाराच्या दिवशी परतीची गाडी किती वाजता, पावसाळ्यात कोणता नाला वाट अडवतो, हे तारखेनिशी लिहा. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. शेवटच्या वस्तीचे वेळापत्रक आधी आणि रस्त्याचा नकाशा नंतर, असे ज्या दिवशी होईल, त्या दिवशी पहाडातला रस्ता खऱ्या अर्थाने पहाडातल्या माणसाचा होईल.