हाताची तपासणी

लार्पच्या मैदानावर पाय ठेवण्याआधी शस्त्रांची तपासणी होते. रांगेत उभं राहायचं आणि आपली तलवार टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात द्यायची. तो पातं वाकवतो आणि सोडल्यावर सरळ होतं का ते बघतो. टोक अंगठ्याने दाबून आतली दांडी बोटाला लागते का याचा अंदाज घेतो. लॅटेक्सच्या कातडीला चीर गेलीय का, मुठीचा गोळा टणक आहे का, तेही चाचपतो. शेवटी तीच तलवार स्वतःच्या मांडीवर हाणून बघतो आणि मान डोलावतो. माझी तलवार दर वेळी पास झालीय. ज्या संध्याकाळी मी एकीच्या कानाचा पडदा फाडला, त्या संध्याकाळीसुद्धा.

लार्प म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग. व्हिडिओ गेममधलं पात्र कीबोर्डवरून न चालवता स्वतःच व्हायचं. वेश शिवायचा, नाव घ्यायचं, दोन-तीन दिवस रानात किंवा जुन्या गढीत त्या नावाने जगायचं आणि लढाई आली की खरोखर धावायचं. शेवट आधी लिहिलेला नसतो, म्हणून हे नाटक नाही. जिंकण्यासाठी कुणी येत नाही, म्हणून धड खेळही नाही. जर्मनीत याचं वेड मोठं आहे. मी राहते त्या हॅनोव्हरच्या वायव्येला ब्रोकेलो नावाचं खेडं आहे, तिथे उन्हाळ्यात हजारो लोक चिलखतं घालून तंबू ठोकतात. ऑफिसातल्या सहकाऱ्याने मला ओढून नेलं ते मात्र एका छोट्या गटात. पंचवीस-तीस माणसं, दर गुरुवारी एका शाळेच्या जिममध्ये सराव. त्याने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ‘ही भारतातली आहे, हिला खरीखुरी तलवार चालवता येते.’

येत होती. मी कोल्हापूरची. आठव्या वर्षापासून पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकले. आधी काठी, मग फरी-गदका, मग तलवार-ढाल, आणि वस्तादांच्या मनात आलं तेव्हा थोडा दांडपट्टा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगीच्या ठेक्यावर काठी फिरवताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आपल्याकडे बघणारी माणसं, ती नशा शब्दांत सांगता येत नाही. थर्ड इयरला सबमिशन आणि मिरवणूक एकाच आठवड्यात आली. मी सबमिशन निवडलं. काठी माळ्यावर गेली, मी पुण्याला आणि तिथून इकडे.

त्यामुळे पहिल्या गुरुवारी ती फोमची तलवार हातात आली तेव्हा मला हसूच आलं. आत बोटभर जाडीची फायबरग्लासची दांडी, तिच्यावर फोम, वरून रंगवलेलं लॅटेक्स. दिसायला लोखंड, वजनाला भाकरीचं लाटणं. मी फोमची काठी घेऊन दोन्ही हातांची फिरकी दाखवली. सगळे थांबले, फोन बाहेर आले. सात वर्षांनी कुणीतरी माझ्या हातांकडे बघत होतं, आणि हे हात फक्त पुल रिक्वेस्ट मर्ज करण्यासाठी नाहीत असं मला पुन्हा वाटलं. घरी जाताना मी ट्रामचा एक स्टॉप चुकले.

दुसऱ्या गुरुवारी जोड्या पाडल्या. माझ्यासमोर आली ती किंडरगार्टनमध्ये शिकवणारी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, गेली दहा वर्षं लार्प खेळणारी. नियम मला सांगितले होते आणि मी मान डोलावली होती: डोकं, मान आणि जांघ वर्ज्य. खुपसायचं नाही, कारण टोकाच्या फोममागे दांडी असते. वार शरीराला टेकण्याआधी आवरायचा. दोन-तीन मिनिटं मजेत गेली. मग तिने एक हूल दिली. चांगली हूल होती, मी फसले, आणि फसल्यावर माझा हात माझा राहिला नाही. कमरेतून वळून तो तालमीत हजारो वेळा गेला होता तिथेच गेला.

आमच्याकडे वारांना नावं असतात. पहिली शिकतो ती शिर, तमाचा, बाहेरा. म्हणजे डोकं, तोंडाची एक बाजू, तोंडाची दुसरी बाजू. तिन्ही मानेच्या वर. जो भाग लार्पमध्ये पूर्ण वर्ज्य, त्यावरच माझी मुळाक्षरं गिरवलेली. फोम बरोबर तिच्या कानावर सपाट बसला. आवाज फार मोठा नव्हता, उशी आपटल्यासारखा. ती खाली बसली, कानावर हात धरून म्हणाली, ‘थांब, थांब,’ आणि मला कळेना, ही अभिनय करतेय की काय.

कानाच्या पडद्याला बारीक छिद्र पडलं होतं. जोरात बसलेल्या थपडेनेही असं होतं, कानातली हवा एकदम दाबली जाते म्हणून. डॉक्टर म्हणाले, आपोआप भरेल, कानात पाणी जाऊ देऊ नका. भरलं. पण त्याला दीड महिना लागला आणि तो दीड महिना तिने एका कानाने तीस पोरांचा गोंधळ सांभाळला. मी रोज मेसेज करायचे, ‘कसं आहे?’ ती रोज उत्तर द्यायची, आणि ते उत्तर वाचायला मला अर्धा तास धीर करावा लागायचा.

गट चालवणाऱ्या काकांनी (साठीचे आहेत, पेशाने सुतार, गटातली निम्मी शस्त्रं त्यांनीच केलेली) त्याच रात्री माझी तलवार मागून घेतली. आवाज न चढवता म्हणाले, ‘इथे नवख्याची मला भीती वाटत नाही. तो वेडेवाकडे वार करतो, पण त्यात जोर नसतो. मला भीती तुझ्यासारख्यांची वाटते.’ मला राग आला, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, तुमच्या खेळण्यात दम नाही, त्याला मी काय करू. ऑफिसात असतं तसं झालं होतं: प्रत्येक सुट्या भागाची टेस्ट हिरवी, आणि सगळं जोडून चालवलं की सिस्टीम कोसळते. तलवार पास, नियम पाठ, माणूस जखमी.

नंतर शांतपणे विचार केल्यावर ते काय म्हणत होते ते उमगलं. खोट्या शस्त्राने खरं लढायचं तर सुरक्षितता कुठेतरी ठेवावी लागते, आणि ती कुठे ठेवली यावर सगळं ठरतं. केंडोमध्ये ती चिलखतात असते. बांबूची शिनाई, पण तोंडावर जाळी, छातीवर कवच, मनगटावर जाड हातमोजे, आणि वार करायच्या जागा ठरलेल्या: डोकं, मनगट, बरगड्या, गळा. अमेरिकेत १९६६ साली बर्कलीमध्ये सुरू झालेल्या एका मध्ययुगप्रेमी संस्थेचे लोक वेताच्या जाड तलवारींनी एकमेकांना बडवतात, कारण सगळ्यांच्या डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण असतं. तिथे जोरात मारणं हा शिष्टाचार आहे, हळू मारलंत तर लागलंच नाही असं धरतात. लार्पची वाट निराळी. १९८२ साली इंग्लंडमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ नावाने हे सुरू झालं, आणि तेव्हापासून तिथल्या खेळाची भिस्त मऊ शस्त्रावर आणि आवरलेल्या हातावर. समोरच्याच्या अंगावर बहुतेक वेळा शिवलेला झगा असतो, डोक्यावर टोपी, क्वचित चष्मा.

आता केंडोचा हात लार्पमध्ये आणून ठेवा. किंवा माझा. चिलखताच्या भरवशावर घडलेला जोर बिनचिलखताच्या माणसावर जातो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुरक्षित आहेत, धोका त्यांच्या सरमिसळीत आहे. आणि ‘मी मार्शल आर्ट शिकलोय, माझा कंट्रोल आहे’ असं म्हणणारा प्रत्येक जण हे विसरतो की कंट्रोल थकव्यात, अंधारात आणि हूल बसल्यावर आधी जातो, आणि सवय मागे उरते.

पाच आठवडे मला शस्त्र मिळालं नाही. मिळालं ते काम: भिंतीशी उभं राहून दुसऱ्यांचे वार झेलायचे. त्यांचा एक सराव आहे. एकाने दहा वार करायचे, झेलणाऱ्याने प्रत्येक वाराला एक ते पाच आकडा द्यायचा. एक म्हणजे जाणवलंच नाही, पाच म्हणजे दुखलं, तीन बरोबर. मारणाऱ्याने वाद घालायचा नाही. माझी पाळी आली तेव्हा मला स्वतःचे वार ‘दोन’ वाटत होते. समोरचा म्हणाला, ‘पाच. पाच. पाच. साडेचार.’ माझ्या मशीनवर तर नीट चालतंय, असं म्हणणाऱ्या डेव्हलपरसारखी मी उभी राहिले.

मग हळूहळू हात बदलला. वार मोठा उचलायचा, खांद्यामागून, समोरच्याला स्वच्छ दिसेल असा. शेवटच्या वीतभरात कोपर सैल सोडून थांबवायचा. तोंडाने मात्र ओरडायचं, चेहऱ्यावर सगळा जोर आणायचा. शिलाई मशीनसारखे टकटक वार करायचे नाहीत, त्याने लागत नाही पण समोरच्याला अभिनय करायला सवडच मिळत नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. तालमीत वार लपवायला शिकवतात, इथे दाखवायला. आणि इथल्या अनेक खेळांत एक नियम असतो, ज्याचं मराठीत ‘बळीचा नियम’ असं भाषांतर होईल: वाराचा परिणाम काय झाला हे मार खाणारा ठरवतो. तुम्ही कितीही सुंदर वार करा, तो मेला की नुसता खरचटला, हे त्याच्या हातात.

या झेलण्याच्या आठवड्यांत वस्तादांची फार आठवण आली. बारा वर्षांची असताना माझ्या तळहातावर लिंबू ठेवून त्यांनी ते दांडपट्ट्याने कापलं होतं. लोक टाळ्या वाजवतात त्या लिंबाच्या दोन फोडींना. मला आठवतो तो त्याआधीचा अर्धा तास. ‘जेवलीस का?’ मग माझा हात हातात घेऊन नुसता धरून ठेवला, थरथरतोय का ते बघायला. मग पट्ट्याची सपाट बाजू तळहाताला टेकवली, गार लोखंड ओळखीचं व्हावं म्हणून. कार्यक्रमाआधी ते प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचे. कोण घरी भांडून आलाय, कोण झोपलेला नाही, त्यांना बरोबर कळायचं. अशाला हत्यार मिळायचं नाही, हलगी मिळायची. मलाही दोनदा मिळाली. तेव्हा मी रडले होते. तपासणी चालू होती हे मला एकोणतिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या शाळेच्या भिंतीशी उभी राहून कळलं.

ही गोष्ट मी सुतारकाकांना सांगितली. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. पुढच्या गुरुवारी मात्र दाराशी उभे राहून प्रत्येकाला विचारत होते, ‘जेवलास का?’

उन्हाळ्यात आमच्या गटाचा तीन दिवसांचा खेळ झाला. दुसऱ्या रात्री ओढ्याकाठी मशालींच्या उजेडात हल्ला, जमीन ओली. अशा वेळी दोन हाका वेगळ्या ठेवलेल्या असतात. पात्राला लागलं तर ‘वैद्य’ म्हणून ओरडायचं, खऱ्या माणसाला लागलं तर ‘सॅनी’. सगळे किंचाळत असताना खरी किंकाळी ओळखायची दुसरी सोय नाही. माझ्यासमोर तीच होती, किंडरगार्टनवाली, शत्रूच्या वेशात. तिनेच ती जागा मागून घेतली होती, हे मला नंतर समजलं. तिने हूल दिली. तीच हूल. माझा हात उचलला गेला, आणि कमरेतून वळायला लागला तसं मला तिच्या केसांखालचा कान दिसला. मी तलवार सोडून दिली. नुसती सोडली, ती चिखलात पडली. लार्पच्या दृष्टीने अत्यंत वाईट अभिनय. ती एक क्षण बघत राहिली, मग तिने तिचं पातं माझ्या खांद्यावर अलगद टेकवलं. तीन. बरोबर तीन. मी चिखलात आडवी झाले आणि इतका वेळ मेले की ‘ती खरंच ठीक आहे ना?’ असं कुणीतरी विचारलं.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा सामानात फोमची तलवार नेली. वस्ताद आता सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे गेलेत, पण संध्याकाळी तालमीच्या पायरीवर असतातच. त्यांनी पातं वाकवलं, टोक अंगठ्याने दाबलं आणि पोराला आत पाठवून माळ्यावरचं काहीतरी मागवलं. गदका. चामड्यात मढवलेली काठी, टाके उसवलेले, सोबत वाळून कडक झालेली फरी. म्हणाले, ‘ह्येच की गं. तुमच्याकडं रबर, आमच्याकडं कातडं.’ बोथाटीही आणायला सांगितली, टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला तो लांब भाला, पण ती सापडली नाही.

मी त्यांना कानाचं सगळं सांगितलं. त्यांनी ‘आता बरी हाय न्हवं ती?’ एवढंच विचारलं. मग बळीचा नियम सांगितला. तो त्यांनी दोनदा समजून घेतला.

‘म्हंजे तू मारायचं, आन मरायचं का न्हाई ते म्या ठरवायचं?’

‘होय, वस्ताद.’

‘मार बघू.’

मी वार मोठा उचलला, शेवटच्या वीतभरात थांबवला आणि पातं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. पायरीवरची पोरं बघत होती. वस्तादांनी खांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला.

‘न्हाई मरत,’ ते म्हणाले. ‘परत मार.’