दोन सेंटिमीटरचा शेजार

बाईच्या ओटीपोटात जागा मुळातच कमी. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि या दोघांच्या मधे गर्भाशय. ते जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब आणि पन्नास-साठ ग्रॅम वजनाचं. तिघांच्या भिंती एकमेकींना लागलेल्या. त्यामुळेच दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांतच सारखं लघवीला जावं लागतं आणि पुढे उतारवयात अंग खाली उतरलं की खोकताना-शिंकताना लघवी सुटते. एवढा शेजार बायकांना अनुभवानं ठाऊक असतो. ठाऊक नसते ती एक नळी.

ती नळी म्हणजे मूत्रवाहिनी. उजव्या-डाव्या किडनीतून एकेक निघते. लांबी साधारण २५ सेंटिमीटर, जाडी तीन-चार मिलिमीटर. पाठीच्या स्नायूवरून उतरत ती ओटीपोटात शिरते आणि मूत्राशयाला मिळण्याआधी गर्भाशयाच्या मुखापासून, म्हणजे पिशवीच्या तोंडापासून, दीड-दोन सेंटिमीटर अंतरावरून जाते. नेमकी तिथंच गर्भाशयाला रक्त पुरवणारी धमनी तिच्यावरून आडवी जाते. ‘पुलाखालून पाणी’ असं हे आम्हा डॉक्टरांकडून विद्यार्थिदशेत घोकून घेतलेलं असतं, कारण पिशवी काढताना त्या धमनीला चिमटा लावावाच लागतो आणि चिमट्यात चुकून खालची नळी आली तर एका किडनीची वाट बंद. रक्तानं माखलेल्या त्या कोपऱ्यात धमनी आणि मूत्रवाहिनी दिसायला सारख्याच. ओळखायची खूण अशी, की धमनी बोटाखाली ठोके देते आणि मूत्रवाहिनीला चिमट्याच्या टोकानं हलकेच डिवचलं की ती वळवळते. वरून खाली एक लाट सरकते आणि नळी पुन्हा निपचित होते. इतक्या वर्षांनंतरही ती वळवळ दिसेपर्यंत मी पुढचा चिमटा मागत नाही.

पुरुष वाचकांनी एवढ्यात पान उलटू नये. वृषण गर्भात तयार होतात ते किडनीच्या शेजारी, पाठीच्या भिंतीवर. जन्माच्या सुमारास खाली उतरतात, पण त्यांची धमनी शेवटपर्यंत वरून, किडनीच्या पातळीवरूनच येते आणि वेदना वाहणाऱ्या नसाही तिथल्याच, म्हणून मूत्रवाहिनीतली कळ वृषणात उतरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुतखड्यानं बेजार झालेला माणूस कमरेतली कळ सांगतो, वृषणात उतरणारी लाजून सांगत नाही. सांगावी. निदान तिथंच निम्मं होतं.

पण मला बोलायचं आहे ते पिशवीच्या तोंडाविषयी. हे तोंड अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचं, खाली योनीत उघडणारं. बाहेरच्या अंगाला सपाट पेशींचे अनेक थर, तर आतल्या नळीत उंच पेशींचा एकच थर. दोन्हींची जिथं गाठ पडते तिथं एक सीमारेषा असते आणि ती स्थिर नसते. वयात येताना, बाळंतपणात, पाळी जाताना ती सरकत राहते. एका जातीच्या पेशी जाऊन दुसऱ्या येतात. शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही हा विषाणू याच सरकत्या पट्ट्यात घर करतो. बहुतेक बायकांमध्ये तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात टिकून राहतो, त्यांच्यातल्या काहींना दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा कर्करोग होतो. एवढी सवड देणारा कर्करोग दुसरा क्वचितच.

ती सवड वाया गेली की काय होतं, ते शरीररचनाच ठरवते. गाठ पिशवीच्या तोंडातून बाजूला पसरते. बाजूला दोन सेंटिमीटरवर मूत्रवाहिनी. ती दाबली जाते, वरची किडनी फुगते, मग दुसऱ्या बाजूलाही तेच होतं. अशा बाईला नातेवाईक घेऊन येतात तेव्हा पाय सुजलेले असतात, अन्न पोटात ठरत नसतं, लघवी जवळपास बंद झालेली असते. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या. ‘बाई, हिला किडनीचा आजार हाय, हिकडं कशाला पाठवलं?’ असं मुलगा विचारतो. आत तपासलं की उत्तर मिळतं. अंगावरून घाण वासाचं पाणी जात होतं, पाळी गेल्यावरही डाग दिसत होता, हे तिनं घरात कुणाला सांगितलेलं नसतं. या आजारात रक्तस्रावाइतकंच किडन्या बंद पडूनही मरण येतं.

आता आमच्या धाराशिव जिल्ह्याची गोष्ट. आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नाही, जगातल्या आरोग्य धोरणकर्त्यांना मात्र पाठ आहे. १९९९ साली, जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद असताना, इथल्या गावांचे ५२ समूह करून, ते चार गटांत वाटून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, शेजारच्या बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने ही त्यातली पहिली दोन नावं. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, तिसऱ्यात पिशवीच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा चौथ्या गटात ६४ बायका या कर्करोगानं गेल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. दोन्ही गट आकारानं जवळपास सारखे आणि चाचणीची फेरी आयुष्यात एकदाच! पॅप आणि आम्लाच्या गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. २००९ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली चाचणी म्हणून एचपीव्हीचीच शिफारस करते, त्यामागच्या पुराव्यात या गावांचा मोठा वाटा आहे.

त्या चौथ्या गटाला बिनतपासणीचं ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे टीका झाली. मला ती रास्त वाटते. त्याहून जास्त सलतं ते हे, की ज्या जिल्ह्यानं पुरावा दिला तिथंच आज माझ्यासमोर बसलेल्या दहा बायकांना विचारलं तर चाचणी केलेली एखादीच निघते.

चाचणीच्या जागी आली ती पिशवी काढण्याची घाई. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, म्हणून गेलेल्या तिशीतल्या बाईला ‘पुढं कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. लेकरं झालेली असतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, उसाच्या फडात पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही. ‘काढूनच टाका की बाई, आता काय कामाची हाय ती?’ हे वाक्य मी कळंब-वाशीच्या ऊसतोड बायकांकडून किती ऐकलंय! शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. दर सहा जणींत एक. पांढरं जाणं हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा. पाळीला जास्त जातं त्यावरही आधी गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं साधन आहे. पिशवीसोबत अंडाशयही काढले तर बत्तिसाव्या वर्षी पाळी गेल्याची सगळी लक्षणं एकदम अंगावर येतात आणि हाडं झिजू लागतात. ते अंडाशय ठेवले तरी त्यांच्या रक्तपुरवठ्याचा काही भाग गर्भाशयाच्या धमनीतून येतो, तो तुटतोच. काही आजारांत शस्त्रक्रिया करावीच लागते, मीही करते. पण भीती हे तिचं कारण होऊ शकत नाही.

दिवाळी झाली की ऊसतोड टोळ्या निघतील, त्या परततील गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर. घरातल्या, शेजारच्या तीस ओलांडलेल्या बाईला टोळ्या निघण्याआधी एकदा तपासणीला न्या. पाळी चालू नसलेला दिवस निवडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढतानाच ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ असं स्पष्ट सांगा आणि एचपीव्ही चाचणी कुठं होते ते विचारून घ्या. पाच मिनिटं लागतात, टाके नाहीत, भूल नाही, त्याच दिवशी कामावर जाता येतं. नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर याच विषाणूवरच्या लशीचीही चौकशी करा; ती आता पुण्यातच तयार होते. आणि कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितली, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला जरूर दाखवा.